पाटीवरचे पुरोगामी आणि पाणवठ्यावरचे

महाराष्ट्रातील कोणत्याही सभेत, मग ती कोणत्याही पक्षाची असो, 'हा पुरोगामी महाराष्ट्र आहे' हे वाक्य एकदा तरी कानावर पडतेच. वक्त्याला दुसरे काही सुचत नसले की ते हटकून येते. गेल्या काही दशकांत हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या परस्परविरोधी कारणांसाठी वापरला गेला की तो ऐकताच आमच्या अनेक वाचकांच्या कपाळावर आठी पडते. त्यात त्यांचा दोष नाही. साखर कारखाना, शिक्षणसंस्था, जिल्हा बँक आणि आमदारकी ही चारही एकाच घरात नांदत असताना त्याच घराच्या दारावर 'पुरोगामी' अशी पाटी लटकलेली महाराष्ट्राने पाहिली आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु एखाद्या शब्दाचा गैरवापर झाला म्हणून तो शब्दच गैरवापर करणाऱ्यांच्या स्वाधीन करून टाकणे शहाणपणाचे नव्हे. पुढे जाणारा तो पुरोगामी, इतका त्या शब्दाचा अर्थ साधा आहे. आपल्याबरोबर समाजालाही एक पाऊल पुढे नेणारा माणूस त्या शब्दाचा खरा मानकरी. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या निवडणुकांत असा माणूस ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहायचे कसे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. यातील दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्याचे उत्तर उमेदवाराला नव्हे, आपल्याला द्यावयाचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, या गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या हातातील बांगड्या फोडणे, कपाळावरचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे, या प्रथा गावातून बंद करण्याचा तो ठराव होता. करोनाच्या दोन वर्षांत ऐन तारुण्यात विधवा झालेल्या स्त्रियांची दुःखे तोवर घरोघर ठाऊक झाली होती. हेरवाडने जे बोलून दाखवले ते अनेकांच्या मनात होते. बोलण्याचे धाडस मात्र एका ग्रामसभेने केले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले. मंत्रालयाने गावाला शिकवण्याचा प्रघात आपल्याला परिचित आहे. या वेळी गावाने मंत्रालयाला शिकवले.

हा ठराव होण्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाचा व नातलगांचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम उभा केला. कर्व्यांचे शतक आणि हेरवाडचे शतक यांत एक धागा अखंड आहे. आपल्या समाजातील व्यंग आपणच दूर करावयाचे, त्यासाठी बाहेरच्या कोणाच्या शिफारसीची वाट पाहावयाची नाही, हा तो धागा. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत राजकारणाची दारे बंद असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सहभोजनांचा धडाका लावला आणि १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले, तेही याच धाग्याने. दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखी कीर्तन घेऊन गाडगेबाबा गावोगाव फिरले, तेही याच धाग्याने. अशी परंपरा ज्यांच्या घरची आहे, त्यांनी 'पुरोगामी' या शब्दाला बिचकण्याचे काय कारण?

आता प्रश्न निवडणुकीचा. समाजसुधारणा हे संतांचे आणि सुधारकांचे काम, निवडणूक हे राजकारण्यांचे, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. आपल्या पूर्वसुरींनी ती केली नव्हती. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये त्याच नगरपालिकेवर निवडून गेले. नामदार गोखले तिचे अध्यक्ष झाले. तिघांचे विचार तीन दिशांचे. पण पाणी, रस्ते आणि शाळा यांचा हिशेब मांडण्यासाठी एकाच सभागृहाची पायरी चढणे कोणालाही कमीपणाचे वाटले नाही. सरदार पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले आणि १९२४ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. ज्यांनी पुढे साडेपाचशेहून अधिक संस्थाने एका राष्ट्रात गुंफली, त्यांनी आधी गटारे आणि प्लेगचे उंदीर यांचा बंदोबस्त केला होता. त्याच १९२४ मध्ये सुभाषचंद्र बोस कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. राष्ट्रकार्य मोठे आणि नगरकार्य छोटे, हा भेद या माणसांनी कधी मानला नाही.

मग आज त्या सभागृहांची पायरी चढण्याची लाज चांगल्या माणसांना का वाटावी? याचे एक उत्तर नाशिक जिल्ह्यात मिळते. देवळा तालुक्यातील उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. जानेवारी २०२१ मधील ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधी तेथे सरपंच आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. बोली दोन कोटी पाच लाख रुपयांवर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूक रद्द केली. त्याबरोबर नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीचीही. उमराण्याच्या लिलावाची रक्कम कशासाठी होती? गावातील मंदिराच्या बांधकामासाठी.

येथे आम्हाला आमच्या वाचकांशी थोडे कठोर बोलावयाचे आहे. मंदिरासाठी लिलाव झाला हे कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात 'पैसा चांगल्या कामाला तर गेला' असा विचार चमकून गेला नसेल काय? तो विचार घातक आहे. देवाच्या नावाने खुर्ची विकली तरी ती विक्रीच. ज्याने दोन कोटी मोजून पद घेतले तो पाच वर्षे कोणाची सेवा करील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. शिवाय त्या गावातील ज्या शेतमजुराकडे बोली लावण्याइतके पैसे नव्हते, त्याच्या हाती असलेली एकमेव समान गोष्ट म्हणजे त्याचे मत, तीच या लिलावाने काढून घेतली. देवळाचा कळस त्याच्या मतावर चढणार असेल तर त्या देवळात त्याला कोणत्या तोंडाने बोलवावयाचे?

बिनविरोध निवडणुकीचे आकर्षण आपल्या मंडळींना फार. भांडणे नकोत, गट नकोत, खर्च नको, हा हेतू चांगलाच आहे. परंतु बिनविरोध होण्याचे मार्ग अनेक आहेत. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ मध्ये पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाला सरपंच केले ते एकमताने. दुष्काळाने गांजलेले, लोक सोडून चाललेले ते गाव. श्रमदान झाले, शेतीसाठी विंधनविहिरींना बंदी झाली, पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची शिस्त आली आणि गेलेली कुटुंबे परतली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये, तीन दशकांची परंपरा मोडून, त्या गावात मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलला लोकांनी मते देऊन निवडून दिले. मतदान झाले म्हणून आकाश कोसळले नाही. एका गावाचे एकमत चर्चेतून आणि कामातून आले, दुसऱ्याचे बोलीतून. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. म्हणून बिनविरोध या शब्दाचे कौतुक करण्यापूर्वी, विरोध करू शकणारा माणूस त्या दिवशी कोठे होता, एवढे विचारावे.

शहरांची कथा निराळी, पण अधिक बरी नाही. महाराष्ट्रात महापालिकांच्या प्रभागांचा आकार दर निवडणुकीला बदलतो. मुंबई वगळता अन्य महापालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. २०२५ मध्ये पुन्हा प्रामुख्याने चौघांचीच रचना ठरली. ज्या पक्षाला जे सोयीचे ते त्याने आपल्या काळात केले. यात कोणीही धुतल्या तांदळासारखा नाही. एकाच्या जागी चार सदस्यांचा प्रभाग झाला की उमेदवाराला चौपट वस्त्यांत पोहोचावे लागते. ज्याच्याजवळ पैसा आणि पक्षाची यंत्रणा आहे त्याला ते जमते. ज्याने दहा वर्षे एका पेठेत किंवा एका वस्तीत मन लावून काम केले, त्याचे काम त्या अफाट प्रभागात मिठाच्या खड्यासारखे विरघळते. निवडून आल्यावर तुंबलेल्या गटारासाठी चौघांपैकी कोणाचे दार ठोठवावयाचे, हेही नागरिकाला उमगत नाही. चौघांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे.

आणि जेथे दार ठोठावायला कोणी नव्हतेच तो काळही आपण पाहिला. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर त्यांचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला गेला. अनेक लहान राज्यांना हेवा वाटावा असा हा आकडा. आणि त्यावर प्रश्न विचारण्यासाठी सभागृहात एकही निर्वाचित सदस्य नव्हता. तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या शहरात लोकप्रतिनिधी नाही, याबद्दल किती गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत चर्चा झाली? किती ज्येष्ठ नागरिक संघांनी ठराव केले? वाहनतळाच्या जागेवरून मात्र आपल्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात.

आमच्याच वसाहतीतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वीच्या महापालिका निवडणुकीत येथील एक निवृत्त शिक्षिका अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी त्या कितीतरी वर्षे संध्याकाळचा वर्ग चालवत. मागच्या वस्तीतील सांडपाण्याची वाहिनी त्यांनी पाठपुरावा करून घालून घेतली होती. त्या उभ्या राहिल्या तेव्हा सर्वांना आनंद झाला. घरोघर ओवाळणी झाली, 'अशीच माणसे राजकारणात यावीत' असे ज्याने त्याने म्हटले. त्यांनी मागितले होते ते एवढेच: मतदारयादीची पाने वाटून घेऊन घरोघर जाण्यासाठी रोज एक तास देणारी चाळीस माणसे. मिळाली सहा. त्या सहांत प्रस्तुत लेखक नव्हता. विशेषांकाचे काम आहे, असे कारण त्याने दिले होते आणि ते खोटे नव्हते; पण तेव्हाही त्याला ठाऊक होते की रोजचा एक तास काढता आला असता. मतदानाच्या दिवशी जोडून सुटी आली आणि सकाळी आठलाच निम्म्या मोटारी जागेवर नव्हत्या. बाई पडल्या. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा त्या शांत होत्या. म्हणाल्या, "मते कमी पडली त्याचे काही नाही. यादी वाचायला माणसे मिळाली नाहीत, त्याचे वाटते." त्या वाक्याला त्या वेळी उत्तर देता आले नाही; हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजावा.

'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यात आपल्या मध्यमवर्गाचे संपूर्ण राजकीय चरित्र आहे. चांगला उमेदवार हवा, पण तो आपल्या घरातला नको. आपल्या घरातला असला तर त्याने नोकरी सांभाळून उभे राहावे. उभा राहिलाच तर पैसे त्याने आणावेत. आणि पडला तर 'आम्ही सांगितलेच होते' म्हणण्याचा अधिकार आमचा. मुंबईत २०१२ च्या महापालिका निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले. २०१७ मध्ये ते ५५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तेव्हा त्याचे अभिनंदन झाले. शंभरातील पंचेचाळीस जण घरी बसले, हा अभिनंदनाचा विषय कसा होतो? काहींना 'नोटा'चे बटण दाबून निषेध नोंदवल्याचे समाधान मिळते. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरते त्या बटणाला वजनही दिले. नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक. हा अधिकार जपला पाहिजे. परंतु कोणीच नको म्हणणे सोपे आहे. हा हवा असे म्हणून त्याच्यासाठी उन्हात हिंडणे, यात खरी कसोटी आहे.

आता ओळखण्याविषयी. आमच्या मते उमेदवार पुरोगामी आहे की नाही हे त्याच्या भाषणावरून, पुस्तकांच्या कपाटावरून किंवा त्याने कोणाच्या पुतळ्याला हार घातला यावरून ठरू नये. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी चार साध्या प्रश्नांवरून ती करता येते.

पहिला प्रश्न पाणवठ्याचा आणि स्मशानाचा. 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ १९७० च्या दशकात बाबा आढाव यांनी महाराष्ट्रात चालवली. एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान हा आग्रह समरसतेच्या कार्यकर्त्यांनीही धरला. दोन प्रवाहांचे इतर बाबतींत विळ्याभोपळ्याचे सख्य. परंतु या मागणीवर त्यांचे एकमत आहे, आणि आजही कित्येक गावांत मृताच्या जातीनुसार दहनाची जागा वेगळी आहे. गावच्या उमेदवाराला विचारावे: सर्वांसाठी एक स्मशानभूमी हा ठराव पहिल्या ग्रामसभेत आणाल काय? उत्तर देताना तो कोणाच्या तोंडाकडे पाहतो, ते पाहावे. त्याची पाटी कोणत्याही रंगाची असो, तेथे तो अडखळला तर तो पुढे नेणारा नव्हे.

दुसरा प्रश्न खुर्चीचा. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, १९९३ मध्ये घटनादुरुस्तीने त्या देशभर एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये आपल्या राज्यात निम्म्या. त्याआधी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळमधील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण स्त्रियांची पॅनेले निवडून आणली होती. त्या संघटनेचे अर्थकारण आम्हाला सर्वस्वी पटले असे नाही, पण कायद्याची वाट न पाहता त्या बायकांनी जे केले त्याला दाद दिलीच पाहिजे. आज जागा निम्म्या आहेत. पण बैठकीत उत्तरे कोण देतो? सरपंचबाई सही करतात आणि सरपंचपती बोलतात, हे दृश्य आपल्याच ओळखीच्या घरांत नाही काय? उमेदवार स्त्री असेल तर प्रचारात तिचे शब्द ऐकावेत, पतीचे नव्हे. उमेदवार पुरुष असेल तर ग्रामसभेआधीची महिलासभा त्याने कधी भरवली काय, हे विचारावे. विधानसभेत आरक्षण नसताना काय होते ते २०२४ मध्ये दिसले: २८८ आमदारांत स्त्रियांची संख्या पंचवीसलाही पोहोचली नाही. खाली निम्मी पायरी आणि वर जिनाच नाही, अशी ही इमारत आहे.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निर्णयापासून उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांनाही शपथपत्राची अट आहे. ते आपण वाचतो काय? लग्न जमवताना स्थळाची सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, पाच वर्षांसाठी शहराच्या तिजोरीची किल्ली देताना चार पाने वाचत नाही. आपल्या वर्तुळातला माणूस आहे, एवढ्यावर आपण समाधान मानतो. वर्तुळातल्या माणसाचे शपथपत्र तर दोनदा वाचावे; कारण तो घसरला तर त्याच्याबरोबर आपला शब्दही घसरतो.

चौथा प्रश्न अधिकार वाटून देण्याचा. ग्रामसभेला विचारल्यावाचून काम होऊ नये, असे मानणारा सरपंच मोठा. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये आपल्या कायद्यात आली. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. जो उमेदवार 'मी क्षेत्रसभा भरवीन आणि तेथे प्रभागाचा खर्च वाचून दाखवीन' असे लेखी देईल, तो आपल्या हातातील सत्ता स्वतःहून थोडी कमी करण्यास तयार झाला. आमच्या दृष्टीने पुरोगामित्वाची याहून मोठी खूण नाही.

हेच प्रश्न विधानसभेच्या उमेदवारालाही लागू आहेत, कारण खालच्या संस्थांचे दोर वरून हलतात. सरपंच थेट जनतेतून निवडावा, असा कायदा २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. प्रभाग किती जणांचा, हेही मुंबईत बसून ठरते. पण त्याच विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने संमत केला आणि जातपंचायतींच्या जाचाखाली भरडल्या जाणाऱ्या कुटुंबांना न्यायालयाचे दार उघडले. ज्या दिवशी बाकांच्या दोन्ही बाजूंनी हात वर झाले, त्या दिवशी 'पुरोगामी महाराष्ट्र' हे वाक्य खरे होते. असे हात वर करणारे आमदार निवडून द्यावयाचे तर त्यांची तालीम ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत झालेली असावी लागते. तेथे चांगली माणसे पाठवली नाहीत तर विधानसभेच्या वेळी यादीत ती सापडणार कोठून?

शेवटी पाठीशी उभे राहण्याविषयी. निवडणूक जाहीर झाल्यावर चांगला उमेदवार शोधू लागणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करणे होय. आपल्या प्रभागात, आपल्या गावात जो शाळेच्या पटासाठी झटतो, जी रेशन दुकानाच्या रांगेतील बायकांची तक्रार लिहून देते, जो पाण्याच्या टँकरमागे धावतो, त्यांची नावे आपल्याला आजच ठाऊक असतात. त्यांच्याशी आजपासून बोलावे. त्यांचा संसार अडचणीत येऊ नये एवढी व्यवस्था दहा घरे मिळून करू शकतात. देणगी द्यावी ती उघड, पावती घेऊन; म्हणजे उमेदवार कोणा एका बिल्डरचा मिंधा होत नाही. शंभर कुटुंबांनी दिलेले पाचशे रुपये पन्नास हजार होतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती शंभर कुटुंबे नंतर प्रश्न विचारू लागतात. यादी वाचावी, नावे नसतील ती मुदतीत नोंदवावीत. मतदानाची सुटी ही मतदानासाठी असते, एवढे मुलांना तरी कळू द्यावे.

आणि उमेदवार निवडून आल्यावर घरी परतू नये. चांगला माणूस सभागृहात एकटा पडला की दोनच गोष्टी होतात: तो तरी मोडतो, नाहीतर तसाच होतो. निकालाच्या दिवशी गुलाल उधळणारे अनेक असतात. त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, एखाद्या ठेकेदाराच्या विरोधात त्याने हात वर केला तेव्हा त्याच्या घरी जाऊन 'आम्ही आहोत' म्हणणारे कितीजण असतात? संघटनेचे काम केलेल्या कार्यकर्त्यांना हे सांगावे लागू नये. शाखा असो वा वाचनालय, नित्याच्या भेटीवाचून काहीच टिकत नाही, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवले आहे.

गाव करी ते राव न करी, असे आपले पूर्वज म्हणत. हेरवाडने ते करून दाखवले. तेथे ठरावासाठी हात वर झाले, तेव्हा प्रत्येक हातामागे घरातील एखादी बांगडी फोडलेली आत्या, मामी किंवा बहीण असणार. पुढच्या मतदानाच्या दिवशी आपण बोटाला शाई लावून घेऊ, तेव्हा त्या बोटामागे कोण आहे याचा विचार करावा; आणि त्याच्या बरेच दिवस आधी, एक तास मागायला कोणी बाई दारात उभ्या राहिल्या, तर विशेषांकाचे कारण सांगू नये.